जिऱ्याच्या पुडीत गेलेला शेवट

माझ्या वडिलांनी एका मोठ्या कादंबरीचा शेवट जिऱ्याच्या पुड्यांत बांधून विकला. त्यांच्यावर रागवायचा मला हक्क नाही. त्या शेवटापायी पुढं जो बखेडा झाला, तो त्यांनी नाही, मी केला.

गाव आमचं देवणीच्या अलीकडं. गावात किराणा दुकान एकच, ते आमचं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं मोजकं. पुड्या बांधायला उदगीरहून रद्दीची पोती यायची. त्यात जुन्या वह्या, पंचांगं, आणि माझं नशीब असलं तर एखादं पुस्तक. आप्पा पुस्तक पालथं ठेवायचे आणि शेवटच्या पानापासून फाडत यायचे. का, तर पहिल्या पानावर कुणीतरी 'श्री' लिहिलेलं असतं, ते फाडायला हात धजत नाही. त्यामुळं लहानपणी मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला सुरुवात होती, शेवट एकालाही नव्हता. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्याचं मूळ हे. लोकांना वाटतं मला साहित्याची आवड होती. आवड कसली डोंबलाची, मला चीड होती. पुढं काय झालं ते कळायचं नाही आणि माझं डोकं फिरायचं.

पुढं मुलींना मोठमोठ्या कादंबऱ्यांतली अपराधी माणसं शिकवली. ती चारशे पानं तळमळतात. अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, आरशात बघवत नाही. मुली वहीत लिहून घ्यायच्या, 'नायकाच्या मनातील पश्चात्ताप'. मी म्हणायची, लिहा बायांनो, पण आमच्या गावात एका बाईनं हे सगळं खडीच्या ढिगावर उभं राहून चार वाक्यांत उरकलं होतं. मुली हसायच्या. बाईंना गावाचा लई अभिमान, असं आपसांत म्हणायच्या. आहेच. पण त्यात माझा हात काय होता, ते मी कधी वर्गात सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, पहिल्या वर्गात. आजूबाजूच्या गावांत मॅट्रिक झालेली पोरगी मी एकटी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. नांदेडला कॉलेजात जायचं ठरलं होतं. पण पाऊस आलाच नाही. विहिरीचा तळ दिसला, दुकानातले डबे वाजायला लागले, आणि एके दिवशी आप्पा एवढंच म्हणाले, "यंदा न्हाई जमायचं." दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन खडी फोडायला गेले. रस्त्यासाठी सरकारनं दुष्काळी काम काढलं होतं. दुकानदाराची पोर खडीवर बसली म्हणून आई दोन दिवस जेवली नाही. मला मात्र लाज वाटली नाही. आधी तळहाताला फोड आले, मग ते फुटले, मग घट्टे पडले. पुढं कॉलेजात गेल्यावर मी मुद्दाम हात उताणे ठेवून बसायची, बघायचे त्यांनी बघावेत म्हणून.

काम असं चालायचं. रस्त्याच्या कडेला प्रत्येकीची जागा ठरलेली. दगड आणून टाकायचे, फोडायचे, आपला आपला ढीग लावायचा. आठवड्यानं मुकादम लाकडी खोक्यानं ढीग मोजायचा. ढीग बारका भरला की चारचौघींत ऐकवायचा, आणि सारखा बारका भरला की हजेरीतून नावच काढायचा. कामाजवळच्या कडुलिंबाखाली नाव लागायची वाट बघत बसलेल्या बाया कमी नव्हत्या.

माझ्या शेजारी अक्का बसायची. आमच्या घरासमोरची. नात्यानं आमची कुणी नाही, पण सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिचा नवरा देवणी बैलांची जोडी घेऊन लांबच्या छावणीत गेला होता. लेक माझ्या वयाची, निलंग्याकडच्या एका घरात तिची सोयरीक जुळलेली, पाऊस पडला की लग्न. अक्काचा ढीग कामावर सगळ्यांत उंच. पहिल्याच मोजणीला मुकादम म्हणाला होता, "बाई असावी तर अशी." ते शब्द निलंग्यापर्यंत पोचले होते, आणि पोचले आहेत हे अक्काला ठाऊक होतं. ती पदर खोचून, मान ताठ करून चालायची.

अक्काच्या पलीकडं देगलूरकरीण. तिचं माहेर देगलूरचं म्हणून हे नाव. बोलता बोलता मधेच तेलुगू शब्द टाकायची आणि बाया हसायच्या. अंगानं काडी, पण हात भारी चालायचा. दोन लेकरं ढिगाच्या सावलीला निजवून ती दिवसभर ठोकत असायची.

दुपारी खायला सरकारी सुकडी वाटली की सगळ्या लिंबाखाली यायच्या. तिथं मी कादंबरी वाचून दाखवायची. जाडजूड, परदेशातली, जुन्या मराठीत उतरवलेली. पुठ्ठा गेलेला, त्यामुळं नाव ठाऊक नाही. शेवटची तीसेक पानं आप्पांच्या हातून आधीच गेली होती, पण ते मी बायांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, तिथवर पोचेतो दुष्काळ सरेल.

गोष्ट एका घड्याळजीची. थंड मुलखातलं गाव, चौकात मोठा मनोरा. गावानं मनोऱ्यावर घड्याळ बसवायचं ठरवलं. ह्या घड्याळजीनं ते केलं, असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर ते केलं होतं त्याच्याबरोबर काम शिकलेल्या त्याच्या मित्रानं. ह्यानं मित्राचं काम आपलं म्हणून दाखवलं, मित्र खोटा ठरला, गाव सोडून गेला. ह्याला मान मिळाला, शाली-पागोटी मिळाली. पण दर तासाला टोल पडला की ह्याच्या हातातलं काम थांबायचं. घास तोंडाशी नेला आणि टोल पडला, की घास खाली.

बायांना ही गोष्ट फार लागली. कुणी म्हणायची, "कानात कापूस घालावा की मग." कुणी म्हणायची, "घड्याळच बंद पाडावं." बर्फाचं वर्णन आलं की सगळ्या पुढं सरकून बसायच्या. आभाळातनं फुकट पाणी पडतं, तेही घट्ट, आणि लोक ते फावड्यानं बाजूला लोटतात, हे ऐकून एक म्हातारी रागावून उठूनच गेली. अक्का मात्र नुसतं विचारायची, "सांगतो का न्हाई त्यो मग?" मी म्हणायची, "पुढं आहे अक्का." मला वाटायचं, माझ्या वाचनाची ताकद बघा.

त्याच दिवसांत देगलूरकरणीचा ढीग बारका भरायला लागला. मुकादमानं एकदा ऐकवलं, दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तिनं हातोडी खाली टाकली आणि म्हणाली, "माझ्या ढिगातनं कुणीतरी खडी नेऊ लागलंय." झालं. चोरीचा आळ म्हणजे सगळ्या कामावर आळ. बाया उसळल्या. शेवटी आमच्याकडं असल्या वेळी जे करतात तेच ठरलं. सगळ्यांनी महादेवाच्या देवळात जायचं आणि पिंडीवरचा बेल उचलून सांगायचं की म्या नेली न्हाई. खोटा बेल उचलला तर घर बसतं, वाटोळं होतं, अशी आमच्यात समजूत. दुष्काळात माणूस भाकरी चोरेल, पण खोटा बेल उचलणार नाही. सगळ्यांनी उचलला. मी उचलला. अक्कानंही उचलला, आणि तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

मग उरलं काय? देगलूरकरीणच कामचोर, आणि वर बाकीच्यांवर आळ घेणारी. मुकादमानं तिचं नाव काढलं. सासरच्यांनी घरात बोलून बोलून तिला जगू दिलं नाही. आठ दिवसांत ती दोन लेकरं घेऊन नांदेडला भावाकडं निघून गेली. भाऊ स्टेशनावर हमाली करायचा. जाताना ती रडली वगैरे नाही. कामावर आली, आपली हातोडी ढिगावर ठेवली, आणि आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघत उभी राहिली. मग गेली. तिची जागा दुसऱ्या दिवशी लिंबाखालच्या एकीला मिळाली.

इकडं कादंबरी संपत आली आणि दुष्काळ काही सरेना. घड्याळजीला राहवेना, तो चौकात निघाला, इथं माझी पानं संपली. मी बायांना दोन दिवस काहीबाही सांगून थोपवलं आणि घरोघर पुड्यांचे कागद हुडकत फिरले. ज्या घरी विचारावं तिथं चूल दाखवायचे. मॅट्रिक झालेली पोर लोकांच्या चुलीतली राख उकरत फिरते, असं गावात झालं. शेवटी गुरवाच्या घरी देव्हाऱ्यात हळदीची एक पुडी सापडली. त्या पानावर घड्याळजी मनोऱ्याखाली पोचतो. चौक माणसांनी भरलेला. सगळे त्याच्याकडं बघतात. तो पायरी चढतो आणि... एवढ्यावर पान संपत होतं.

मला तिथंच सांगता आलं असतं की बायांनो, पुढचं जिऱ्यात गेलं. पण मी मॅट्रिक ना, मला हार मानायची सवय नव्हती. मी लिंबाखाली बसले आणि म्हटलं, हेडमास्तरांकडं आख्खं पुस्तक आहे, मी वाचलंय, शेवट मला तोंडपाठ आहे. आणि सांगितला. घड्याळजी पायरी चढला. सगळ्यांसमोर म्हणाला, हे घड्याळ माझं नाही. ज्याचं होतं त्याला मी खोटं पाडलं.  मग लोक बाजूला झाले, त्याला वाट दिली, आणि तो मित्राला आणायला निघाला.

बायांनी हुश्श केलं. कुणी म्हणाली, लोक बरे म्हणायचे. अक्कानं विचारलं, "त्याला कसं वाटलं मग?"

मी म्हटलं, "हलकं वाटलं अक्का. त्या दिवशी टोल पडला, आणि त्यानं घास खाल्ला."

अक्का उठली आणि आपल्या दगडांकडं गेली. मला माझंच कौतुक वाटत होतं. तीस पानांचं काम मी चार वाक्यांत केलं होतं.

दोन दिवसांनी मोजणी. मुकादम खोका घेऊन अक्काच्या ढिगाशी आला. नेहमीसारखा ढीग उंच. तो खोका टेकवणार, तेवढ्यात अक्का ढिगावर चढली. खडी तिच्या पायाखालून घसरत होती. ती हातोडीसकट उभी राहिली आणि म्हणाली, "देगलूरकरणीच्या ढिगातली खडी म्या नेली. रोज दोन टोपल्या. तिनं काम चुकवलं न्हवतं. बेल उचलला त्यो खोटा उचलला."

एवढंच. मी आजवर पुष्कळ पुस्तकं वाचली, पण असं कुणाला बोलताना ऐकलं नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही, मान खाली घातली नाही. नंतर कळलं ते असं. तिचं मनगट सुजलं होतं, घाव बसेना. ढीग बारका होईल, मुकादमाचे ते शब्द जातील, निलंग्यात कळेल, ह्या भीतीनं ती उजाडायच्या आत कामावर यायची आणि शेजारच्या ढिगातल्या दोन टोपल्या आपल्यात ओतायची. पोटासाठी नाही केलं, नाकासाठी केलं. हे तिनं स्वतःच सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

माझ्या गोष्टीतल्या लोकांनी वाट दिली होती. आमच्या बायांनी दिली नाही. एक म्हातारी म्हणाली, "उतर खाली." एक थुंकली. बाकीच्यांनी पाठ फिरवली आणि ठोकायला सुरुवात केली. एवढ्या जोरात ठोकत होत्या की मुकादम काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. अक्का उतरली, हातोडी खाली ठेवली, आणि भर उन्हात एकटी गावाकडं चालायला लागली. मला उठून तिच्याबरोबर जावंसं वाटत होतं. मी उठले नाही. हातातला दगड फोडत राहिले. तो दगड मला अजून आठवतो, काळा होता आणि काही केल्या फुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्का उदगीरपर्यंत चालत गेली आणि तिथून नांदेडला. स्टेशनावर हमालांना विचारत विचारत तिनं देगलूरकरणीचा भाऊ गाठला. गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीला लेकरांसकट बसलेल्या देगलूरकरणीसमोर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते दोघींनी कधी कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी देगलूरकरीण गावात परत आली. अक्का तिच्या मागून वीस पावलांवर चालत होती, डोक्यावर तिचं बोचकं घेऊन. देगलूरकरणीचं नाव हजेरीत परत लागलं. अक्काचं कायमचं गेलं.

आणि निलंग्याहून निरोप आला, खोटा बेल उचलणाऱ्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही. अक्काची लेक तेव्हा माझ्याशी बोलायची बंद झाली. तिला माझी गोष्ट ठाऊक नव्हती, ती सगळ्यांशीच बोलायची बंद झाली होती. पण मला वाटायचं, हिला कळलंय. मी रचलेल्या चार वाक्यांनी हिचं लग्न मोडलं. घड्याळजीनं तसं केलं नसतं, तर अक्का ढिगावर चढली नसती. आणि घड्याळजीनं तसं केलं होतं का, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या वर्षभर देगलूरकरीण अक्काशी एक शब्द बोलली नाही. पण दुपारची सुकडी अर्धी फडक्यात बांधून ठेवायची आणि संध्याकाळी लेकराच्या हाती अक्काच्या घरी धाडायची. अक्का ती घ्यायची. मी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे रोज बघायची, आणि जेवताना तोंडाशी नेलेला माझा घास खाली.

पुढं पाऊस झाला. मी नांदेडला शिकले. अक्काच्या लेकीचं लग्न दोन वर्षांनी हदगावला झालं, घर साधं, माणसं बरी. मी लातूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, पुढं कॉलेजात शिकवायला लागले. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला, तेव्हा गुलालानं माझं एक चांगलं लुगडं वाया गेलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आमचं गावही नव्या जिल्ह्यात आलं. जो तो छाती काढून चालत होता, आणि का नाही चालावं? त्या भरात गंजगोलाईजवळच्या एका वाचनालयाला कुणीकुणी पुस्तकांचे खोके भेट दिले. ते लावायला मी रविवारी जायची. तिथं एक जाड पुस्तक हाती आलं. उघडलं तर थंड मुलूख, चौकातला मनोरा, घड्याळजी. पुठ्ठा शाबूत, शेवट शाबूत.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि शेवटची तीस पानं वाचली. घड्याळजी पायरी चढतो.  तो वर घड्याळाकडं बघतो आणि म्हणतो, दोन मिनिटं मागं पडलंय. वर जातो, काटे नीट लावतो, खाली येतो. लोक टाळ्या वाजवतात. पुढं तो म्हातारा होऊन मरतो, आणि गाव त्याच्या कबरीवर घड्याळ कोरतं. त्यानं कुणालाही, कधीही, काहीही सांगितलं नाही.

मी पुस्तक मिटलं. दहा वर्षं मी मनाची समजूत घालत आले होते की शेवट असाच असणार, मी फक्त आधी सांगितला. आता तेवढाही आधार राहिला नाही. अक्काचं सगळं गेलं ते माझ्या थापेपायी. पुढच्या रविवारी मी पुस्तक पिशवीत घातलं आणि गावाकडच्या एसटीत बसले. वाटेत चार वेळा वाटलं, उतरावं आणि परत जावं. मग वाटलं, अक्का नांदेडला गेली होती, तुला देवणीही जमेना का?

अक्का ओसरीवर बसली होती, केस पांढरे, मान तशीच. अंगणात देगलूरकरीण सुपात ज्वारी निवडत होती. त्यांचं बोलणं कधी सुरू झालं ते मला ठाऊक नाही, मी नांदेडला असताना झालं. आता एकीचं अंगण दुसरीचं होतं. अक्का म्हणाली, "या मास्तरीणबाई, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलात." मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. हेडमास्तरांकडं पुस्तक नव्हतं. शेवट मी रचला होता. खरा शेवट हा आहे.

"वाच," अक्का म्हणाली.

मी वाचला. घड्याळजी पायरी चढला, काटे लावले, टाळ्या पडल्या, कबरीवर घड्याळ कोरलं. अक्का डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "बाप्या भ्याला."

"हो."

"म्हंजी त्यानं सांगितलंच न्हाई."

"नाही अक्का."

"दहा वरसं मला वाटायचं, म्या त्याचं बगून केलं. कुठल्या मुलखातला त्यो, त्याला जमलं, म्हणून मला जमलं. माझं त्यात काय न्हाई, आसं वाटायचं."  तिच्या चेहऱ्यावर जे यायला लागलं, ते मला आधी ओळखू आलं नाही. मी राग येईल म्हणून तयार होते, आणि आलं ते हसू. "त्यानं केलंच न्हाई तर मग म्या कुणाचं बगितलं?"

मी म्हटलं, "कुणाचंच नाही." आणि मग मला रडू फुटलं. म्हटलं, "पण अक्का, माझ्या गोष्टीनं तुझ्या लेकीची सोयरीक मोडली."

आता मात्र ती चिडली. "गोष्टीनं? सोयरीक माझ्या टोपलीनं मोडली. चोरी माझी, खोटा बेल माझा, आन कबुली बी माझी. तू काय त्यात वाटा मागायला आलीस का एवढ्या लांबून?"  तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, लहान पोराचं पुसतात तसं. "तुझं खोटं तेवढं तुझं. ते तू सांगितलंस, झालं. आता पाणी पी."

मग ती अंगणाकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आगं ए, ऐकलंस का? त्या घड्याळवाल्यानं सांगितलंच न्हाई म्हणं. तसाच मेला."

देगलूरकरणीनं सूप थांबवलं. ज्वारीतला एक खडा शोधून अंगणात भिरकावला.

"कसा सांगंल?" ती म्हणाली. "त्याच्या गावात आमची अक्का कुठं व्हती?"